तीन महिने

सातारा, रात्रीचे साडेदहा

आठवणी लिहायला बसलो की जिंकलेल्या दाव्यांच्याच फायली हाताला लागतात. आज मुद्दाम तळातली काढली.

कोरेगाव तालुक्यातलं गाव. कालव्यासाठी जमिनी गेल्या. तात्यांच्या रानात विहीर होती, मोटर होती, ऊस होता. पण सातबाऱ्यावर वर्षानुवर्षं ज्वारीच लागलेली. भूसंपादन अधिकाऱ्याच्या निवाड्यात जमीन जिरायत धरली. तात्यांनी पैसे उचलताना 'हरकत राखून' असं लिहून सही केली आणि मुदतीत माझ्याकडे आले. म्हणून जुन्या, १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव भरपाईसाठी कोर्टात जाता आलं.

पुरावा म्हणून त्यांनी पत्र्याची ट्रंक आणली. आत मोटरची लाइटबिलं, साल लावून सुतळीनं बांधलेली. उलटतपासात सरकारी वकिलांनी सुचवलं, ही घरातल्या दिव्याची बिलं आहेत. तात्यांनी बिल डोळ्यांजवळ धरलं. "घरातलं मीटर येगळं, साहेब. ह्यावर पाच हॉर्सपॉवर लिवलंय, बघा." न्यायाधीशांनी बिल मागून घेतलं.

बागायतीचा दर मिळाला. त्यावर जमीन सक्तीनं घेतल्याबद्दलची ३० टक्के दिलासा रक्कम, वाढीव पैशावर पहिल्या वर्षी ९ आणि पुढे १५ टक्के व्याज. गावात पेढे वाटले, मीही खाल्ले.

त्यानंतर सहा-सात महिन्यांनी तात्यांच्या बांधाला बांध असलेल्या आक्का आल्या. नवरा वारलेला, हरकत वगैरे काही न लिहिता पैसे घेतलेले. "वकीलसाहेब, तात्यांस्नी मिळालं, मग आमची जमीन काय दुसऱ्या मातीची व्हती?"

कायद्यात त्यांच्यासाठी वाट होती. १९८४ साली कलम २८-अ आलं ते अशाच माणसांसाठी: त्याच अधिसूचनेतल्या, म्हणजे जमीन घेण्याच्या एकाच सरकारी जाहीर सूचनेतल्या, एकाला कोर्टानं वाढवून दिलं, तर कोर्टात न गेलेल्यानंही कलेक्टरकडे साधा अर्ज करायचा. मुदत निकालापासून तीन महिने. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा केले तरी आक्कांची मुदत कधीच संपली होती. त्या अधिसूचनेतला दुसरा दावाही कोर्टात नव्हता, की पुढच्या निकालाची वाट बघावी.

ते कलम मला तोंडपाठ होतं. माझं अशील तात्या होते आणि त्यांचं काम झालं होतं, म्हणून बाकीच्यांना निरोप धाडायचं मला सुचलं नाही. मी आक्कांना कायदा समजावून सांगत राहिलो. त्या शेवटपर्यंत ऐकत बसल्या, मग पिशवीतला सातबारा घडी घालून परत आत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बलाढ्य पक्षाशी भांडताना समोरच्याच्या ताकदीबद्दल आम्ही वकील फार बोलतो. आक्कांचं नुकसान मात्र मी गप्प राहिल्यामुळे झालं.

तेव्हापासून संपादनाच्या फायलीत पहिल्या पानावर अधिसूचनेतल्या सगळ्या खातेदारांची यादी लावतो. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्यात हीच तरतूद कलम ७३ मध्ये आहे, मुदत तीच. परवा एक निकाल लागला. यादीत सतरा नावं आहेत. सकाळच्या पहिल्या एसटीनं निघायचंय.