एनक्रिप्शन तयार, पण परवाना आडवा

फोंड्यातल्या आणि आसपासच्या छोट्या दवाखान्यांसाठी आम्ही काही जण रुग्णनोंदींचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर चालवतो. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. कुणाचा क्षय, कुणाचा गर्भपात, सगळे एसक्यूलाइट या डेटाबेसच्या साध्या, कुलूप नसलेल्या फाइलमध्ये. लॅपटॉप चोरीला गेला तर कुणीही वाचावे. म्हणून एसक्यूएलसायफर जोडले; ते अशी फाइल एनक्रिप्ट करते, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी करते. कोड लवकर झाला.

अडले परवान्यावर. आमचा कोड जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याच्या फक्त आवृत्ती २ खाली, ‘किंवा पुढील आवृत्ती’ हे शब्दच नाहीत. आमचे एसक्यूएलसायफर ओपनएसएसएल या एनक्रिप्शनच्या कोडसंग्रहावर बांधलेले, आणि ओपनएसएसएल आवृत्ती ३.० पासून अपाचे २.० या दुसऱ्या मुक्त परवान्यात आहे. जीपीएल तयार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते अपाचे २.० जीपीएल ३ शी जुळतो, २ शी नाही. म्हणजे दोन्ही कोड एकत्र वाटायचे तर आमचा परवाना बदलायचा, आणि त्यासाठी कोड देणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती हवी.

बहुतेकांनी लगेच होकार कळवला. एकाने मात्र नोकरीत असताना कोड लिहिला होता, त्यामुळे हक्क कंपनीकडे. तिच्या कायदा विभागाने आमचा अंतच पाहिला. आधी विचारले, तुमची संस्था नोंदणीकृत आहे का? मग गोपनीयतेचा करार पाठवला, तोही सगळ्या जगाला खुल्या असलेल्या कोडसाठी! मग आमचे काम पाहणारे साहेब बदलले आणि नव्यांनी सगळे कागद पुन्हा मागवले. फोन केला की ‘विचाराधीन आहे’. चतुर्थी गेली, दिवाळी गेली. इकडे डॉक्टर विचारत, ‘कधी देणार रे?’ ‘आमची हरकत नाही’ एवढे लिहायला इतकी माणसे लागावीत, याचा राग अजून जात नाही. शेवटी त्यांचा नाद सोडला. अडलेला भाग होता औषधचिठ्ठी छापण्याचा. जुना कोड कधीही न पाहिलेल्या डिचोलीच्या एका मैत्रिणीने फक्त छापील चिठ्ठी समोर ठेवून तो नव्याने लिहिला. दोन्ही चिठ्ठ्या खिडकीच्या उजेडात एकावर एक धरल्या; रकान्यावर रकाना बसला. त्या दिवशी फार अभिमान वाटला.

तेव्हा कोणाचाही कोड घेतानाच विचारा, हक्क तुमचा की मालकाचा?

एनक्रिप्शनच्या कोडवरील अमेरिकेच्या निर्यात नियमांची भीती आम्हाला बऱ्याच जणांनी घातली. खुल्या कोडमध्ये एईएससारखी प्रमाणित एनक्रिप्शन पद्धत असेल, तर मार्च २०२१ पासून तिथल्या खात्याला ईमेल करावा लागत नाही. स्वतःची पद्धत रचली असेल तरच लागतो. आपल्याकडे एनक्रिप्शन धोरणाच्या २०१५ च्या मसुद्यात एनक्रिप्ट न केलेला मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवण्याची अट होती, पण तो मसुदा लगेच मागे घेतला गेला.

हो, एक राहिले. एसक्यूएलसायफर ४ फाइल उघडताना पासवर्डपासून किल्ली बनवायला गणिताच्या २,५६,००० फेऱ्या मारते, जुन्या संगणकावर ते जाणवते. दर पडद्याला फाइल पुन्हा उघडू नका. नोंदी नव्या फाइलमध्ये गेल्या तरी जुनी उघडी फाइल तिथेच राहते, ती आणि पेनड्राइव्हवरच्या प्रती पुसा. पासवर्ड हरवला तर नोंदी परत मिळत नाहीत; आम्ही तो लिहून, पाकीट चिकटवून डॉक्टरांच्या कपाटात ठेवायला लावतो.