भट्टीच्या अस्तरापासून बॅटरीच्या इलेक्ट्रोडपर्यंत : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात सुरुवातीची अनेक वर्षे व्हॅक्यूम भट्ट्यांसाठी ग्राफाइट फेल्टची, म्हणजे कार्बनच्या तंतूंच्या जाड नमद्याची, अस्तरे मापाने कापून, शिवून देण्याचे काम चालत असे. उष्णता अडवणे एवढेच त्या फेल्टकडून अपेक्षित असल्यामुळे त्याच्या तंतूंच्या पृष्ठभागाचा विचार करण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. व्हॅनेडियम रेडॉक्स फ्लो बॅटरीवर काम करणाऱ्या एका संशोधन गटाने काही मिलिमीटर जाडीचे कार्बन फेल्ट मागितले, तेव्हा ती आली.

या बॅटरीत ऊर्जा साठते ती टाक्यांमधल्या द्रवात. सल्फ्युरिक आम्लात विरघळलेले व्हॅनेडियम (एक धातू) पंपाने इलेक्ट्रोड म्हणून बसवलेल्या फेल्टमधून फिरवले जाते आणि इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण तंतूंच्या पृष्ठभागावर होते. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात ही बॅटरी विकसित केली. हवेत ४०० अंश सेल्सिअसला ३० तास तापवलेले फेल्ट वापरल्यास ऊर्जा-कार्यक्षमता ७८ टक्क्यांवरून ८८ टक्क्यांपर्यंत जाते, हे १९९२ मध्ये तिथेच दाखवले गेले. तापवल्याने तंतूंवर ऑक्सिजनयुक्त गट तयार होतात, द्रव आत सहज शिरतो आणि अभिक्रियेचा वेग वाढतो. तापलेल्या कार्बनला हवा लागू नये म्हणून आयुष्यभर धडपडलेल्या आमच्या भट्टीवाल्यांना मुद्दाम हवा सोडायला सांगणे थोडे जडच गेले.

तळहाताएवढा तुकडा असा तापवणे अवघड नाही. खरा कस लागतो तो फेल्टच्या मीटरभर लांबीच्या पत्र्यात. कार्बनच्या ऑक्सिडीकरणातून स्वतःची उष्णता निघत असल्याने थर एकमेकांवर रचले, तर मधला थर अधिक जळतो, तंतू ठिसूळ होतात आणि बोटाला काळी पूड लागते. म्हणून प्रत्येक पत्रा आम्ही जाळीवर सुटा ठेवतो, पंख्याने हवा फिरती राखतो आणि भट्टीत घालण्यापूर्वी व बाहेर काढल्यावर त्याचे वजन करतो. रेयॉनपासून आणि पॅनपासून, म्हणजे पॉलिअॅक्रिलोनायट्राइलपासून, बनलेली फेल्टे सारखी वागत नाहीत. त्यामुळे एकाचे वेळापत्रक दुसऱ्याला लावत नाही. शेवटी चारही कोपऱ्यांत आणि मध्यभागी पाण्याचा थेंब टाकला जातो. कच्च्या फेल्टवर तो मण्यासारखा बसून राहतो, नीट तापलेल्या फेल्टमध्ये टेकताक्षणी नाहीसा होतो. मात्र थेंब मुरला म्हणजे इलेक्ट्रोड उत्तम झाला असे नव्हे; फेल्ट दाबून त्याचा विद्युतरोधही मोजावा लागतो. अधिक दाबल्यास स्पर्शरोध, म्हणजे फेल्ट जिथे टेकते तिथला विद्युतरोध, घटतो, पण छिद्रे आवळली जाऊन पंपावरचा भार वाढतो.

ऋण बाजूचा प्रश्न वेगळा आहे. तिथे चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटू शकतो आणि तेवढा विद्युतप्रवाह वाया जातो. तंतूंवर बिस्मथचे सूक्ष्म कण बसवल्यास व्हॅनेडियमची अभिक्रिया सुधारते, हे प्रयोगशाळांत सिद्ध झालेले आहे. तरीही तो लेप दीर्घकाळच्या वापरात टिकतो याची आमची खात्री पटेपर्यंत आम्ही तो विकणार नाही. धन बाजूला अतिचार्जिंग झाले, तर कार्बनच झिजतो. फेल्टच्या आयुष्याची हमी मागणाऱ्या ग्राहकाकडून म्हणूनच आम्ही चार्जिंगची कमाल व्होल्टेज-मर्यादा लेखी घेतो, आणि स्टॅकमध्ये, म्हणजे एकमेकांना लागून रचलेल्या सेलच्या संचात, फेल्ट किती दाबले जाणार आहे हे कळल्याशिवाय दरपत्रक पाठवत नाही.