क्राफ्टचं कपाट रिकामं केलं तेव्हा

आमच्या वर्गातल्या अडीच वर्षांच्या एका मुलीनं चिकटवायचा प्लॅस्टिकचा डोळा गालात धरून ठेवला होता. बोलताना तो जिभेवर दिसला आणि मी काढून घेतला. तिला काहीच झालं नाही. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते. पाकिटावर ‘नॉन-टॉक्सिक’ वाचून मीच ते टेबलावर ठेवलं होतं.

त्या संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर सहकारी ताई आणि मी कपाटातलं सगळं सामान जमिनीवर मांडलं. तासाभराचं काम वाटलं होतं, चार संध्याकाळी गेल्या.

पहिला दिवस मी लेबलं वाचण्यातच घालवला. वस्तूत विषारी काही आहे का, एवढंच ‘नॉन-टॉक्सिक’ या शब्दातून कळतं. ती घशात अडकेल का, हा प्रश्नच वेगळा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी त्याची ठरलेली चाचणी आहे: 31.7 मि.मी. व्यासाचं, तिरक्या तळाचं नळकांडं. वस्तू न दाबता त्यात पूर्ण मावली, की ती धोक्याची. आमच्याकडे ते नव्हतं, म्हणून टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घेतली. ती थोडी रुंद असते, त्यामुळे आमची चाळणी अधिकच कडक झाली. मणी, बटणं, मार्करची टोपणं, सगळं धडाधड आरपार गेलं. छोट्या चेंडूंना ही नळीही पुरत नाही, कारण गोल वस्तू घशात घट्ट बसते. त्यांच्यासाठी 44.5 मि.मी.चं माप वापरतात.

फुगे आणि थर्माकोलचे दाणे काढताना फार विचार करावा लागला नाही.

खरी भीती वाटली ती दिवे लागणारी एक छोटी कांडी हातात घेतल्यावर. तिचं झाकण नखानं उघडत होतं आणि आत बटण सेल होते. 20 मि.मी.चा लिथियम सेल अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यातून वीज वाहू लागते, सेलच्या ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते आणि दोन तासांतही आतून गंभीर जखम होऊ शकते. मूल रडेलच असंही नाही. आता स्क्रूनं बंद होणारं झाकण नसेल, तर ती वस्तू वर्गात येत नाही. सुटे लोहचुंबकही गेले. दोन गिळले, तर आतड्याच्या दोन वेढ्यांमधून ते एकमेकांना ओढतात आणि मधली भिंत फाटते. पाण्यात फुगणारे रंगीत मणीही गेले. ते पोटात फुगून वाट अडवतात आणि साध्या एक्स-रेवर बहुधा दिसतही नाहीत.

राजम्याच्या ट्रेवर मात्र आमचं वाजलं. सहकारी ताईंनी तो किती वर्षं जपला होता! “मुलांच्या बोटांना काहीतरी खरं हवं असतं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. पण कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं त्रासदायक प्रथिन असतं, थोडे दाणे खाल्ले तरी उलट्या होतात. शिवाय नाकात गेलेला दाणा ओलाव्यानं फुगतो. शेवटी त्यांनीच ओल्या वाळूचा ट्रे सुचवला. आता तिथं जास्त गर्दी असते.

मुलांच्या खेळायच्या पिठाच्या गोळ्याकडे आम्ही शेवटी वळलो. कच्च्या पिठात ई. कोलाय किंवा साल्मोनेला हे आजारी पाडणारे जिवाणू असू शकतात, हे मला माहीतच नव्हतं. आता गोळा शिजवून करतो आणि गव्हाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठी वेगळं पीठ वापरतो. पालकांना रिकामे डबे पाठवायला सांगतानाही शेंगदाण्याचे, सुक्या मेव्याचे नकोत, असं लिहितो.

मणी आम्ही कायमचे टाकले नाहीत. मोठ्या गटाला ते हवेतच, ओवताना त्यांची जी तंद्री लागते ती मला फार आवडते. लहान मुलं झोपलेली असताना मोजून देतो. 40 दिले असतील, तर 40 परत येईपर्यंत कुणी टेबल सोडत नाही. परवा एक कमी भरला. तो एका मुलाच्या बाहीच्या घडीत सापडेपर्यंत आम्ही दोघी गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत होतो.