बॅलरॉगला पंख होते का?

रात्री साडेअकराला भाचीचा मेसेज येतो, ‘मावशी, बॅलरॉगला पंख असतात की नसतात?’ बस, एवढंच. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही. मी आडवी झालेली असते, दिवा मालवलेला असतो, तरी उठते आणि टॉल्किनची ‘द फेलोशिप ऑफ द रिंग’ ही कादंबरी शोधायला लागते. पुस्तक १९५४ सालचं. या एका प्रश्नावर लोक अजूनही हमरीतुमरीवर येतात, तेव्हा सकाळपर्यंत थांबण्यासारखा तो नाहीच.

प्रसंग मोरियाच्या खाणीतला. अरुंद पुलावर जादूगार गँडाल्फ उभा आहे आणि समोरून बॅलरॉग, आगीचा नि अंधाराचा तो अक्राळविक्राळ जीव, येतोय. टॉल्किन लिहितो की त्याच्याभोवतीची सावली दोन प्रचंड पंखांसारखी पसरली. ठीक. मग गँडाल्फ त्याला अडवतो, दोन शब्द सुनावतो, आणि थोड्याच ओळींनंतर तोच टॉल्किन लिहितो की त्याचे पंख या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरले.

दोनच वाक्यं. मी दोन्ही पेन्सिलीनं अधोरेखित करून फोटो पाठवला. उत्तर तयारच होतं. ‘पहिलं वाक्य उपमा आहे, मावशी! सावली उपमेय, पंख उपमान, आणि “सारखी” आहेच.’ शाळेत अलंकार शिकवताना ‘याचा पुढे उपयोग काय?’ असं विचारणाऱ्या मुलींत मी होते. उपयोग हा. कारण दुसऱ्या वाक्यात ते ‘सारखी’ गळालंय. मग ते रूपक म्हणायचं की सरळ वस्तुस्थिती? रूपक म्हणाल तर पंख नाहीत, वस्तुस्थिती म्हणाल तर आहेत. ‘पंख नाहीत’वाले विचारतात, पंख होते तर पूल तुटल्यावर तो दगडासारखा खाली का गेला? ‘पंख आहेत’वाले म्हणतात, पंख कोंबडीलाही असतात. मी स्वतः ‘नाहीत’वाली. पण कोंबडीच्या मुद्द्याला माझ्याकडे आजवर धड उत्तर नाही.

त्या रात्री मला झोप येत होती, म्हणून मी लिहून टाकलं, ‘अगं, दुसऱ्यांदा “सारखे” लिहायचा कंटाळा आला असेल त्याला.’

बराच वेळ काही नाही. मग आलं, ‘हे चीटिंग आहे.’

तिचं बरोबर होतं. अशा गप्पांत प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरं असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. आतलं उत्तर त्या जगात राहून द्यायचं, तिथल्या नियमांनी, तिथल्या माणसांच्या स्वभावाला धरून. बाहेरचं उत्तर म्हणजे लेखक विसरला, पैसे कमी पडले, नट मालिका सोडून गेला. बाहेरचं उत्तर बहुतेक वेळा खरं असतं. आणि पत्ते रंगात आलेले असताना ‘हे नुसते कागद आहेत’ म्हणणाऱ्या माणसाला जो मान मिळतो, तोच ते देणाऱ्याला मिळतो.

‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉनांचं कपाळ घ्या. १९६०च्या दशकातल्या मूळ मालिकेत हे परग्रहावरचे लढवय्ये लोक माणसांसारखेच गुळगुळीत कपाळाचे होते. १९७९ साली चित्रपट आला आणि त्यांच्या कपाळावर एकदम हाडांचे उंचवटे उगवले. बाहेरचं उत्तर शेंबडं पोरही देईल, मेकअपला पैसे आले. पण चाहत्यांना ते नको होतं. क्लिंगॉनांच्या दोन जमाती असतील, कुठला तरी रोग आला असेल, नाना तर्क लढवले गेले. मग १९९६च्या एका भागात मंडळी काळात मागे, त्या जुन्या मालिकेच्याच दिवसांत जातात. तिथले सपाट कपाळाचे क्लिंगॉन पाहून सगळे आपल्यातल्या क्लिंगॉनकडे, वर्फकडे, वळतात. हे काय? वर्फ चेहरा दगडासारखा ठेवून सांगतो की परक्यांशी आम्ही या विषयावर बोलत नाही. घरातली गोष्ट घरात!

माझ्या मते विषय तिथंच संपायला हवा होता. त्या एका वाक्यात प्रश्न मान्य झाला, क्लिंगॉनांचा ताठाही दिसला आणि उत्तर शिल्लकच राहिलं. पण २००५ साली दोन भाग खर्चून रीतसर खुलासा झाला की जनुकांशी खेळ करताना एक विषाणू पसरला आणि त्यानं कपाळं सपाट झाली. भाचीला हा खुलासा फार आवडतो. मला तो लग्नानंतर वर्षभरानं आलेल्या आहेरासारखा वाटतो. चांगला असतो, ठेवायचा कुठे कळत नाही.

हान सोलोची बढाई त्याहून मजेची. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’मध्ये तो आपल्या यानाचा वेग सांगताना म्हणतो की केसेलची फेरी आपण बारा पार्सेकच्या आत मारली. पार्सेक हे अंतराचं माप, सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं. म्हणजे कुणी मिशीला पीळ देत ‘मी हा प्रवास बारा कोसांत केला’ म्हणावं, तसं झालं. आता याला आतलं उत्तर काय द्यायचं? चाहत्यांनी दिलं. त्या वाटेवर कृष्णविवरं आहेत, लेचेपेचे वैमानिक लांबून वळसा घालतात, हा त्यांच्या कडेकडेनं गेला, म्हणून अंतरच कमी पडलं. कृष्णविवरांचा हा तोडगा कादंबऱ्यांतही गेला, आणि २०१८च्या चित्रपटात जवळचा धोक्याचा रस्ता प्रत्यक्ष पडद्यावर आला. एका शब्दाच्या बचावासाठी केवढा हा खटाटोप! मला आपलं साधं आतलं उत्तर पुरतं. हान सोलो थापा मारतोय. समोर एक म्हातारा आणि एक खेडवळ पोरगा बसलाय, यांना काय कळतंय, असा त्याचा हिशेब.

सगळेच चाहते लेखकाला सांभाळून घेतात असं नाही हं. काही कॅल्क्युलेटर घेऊन बसतात. लॅरी निव्हेनच्या ‘रिंगवर्ल्ड’मध्ये (१९७०) एका ताऱ्याभोवती बांधलेलं अजस्र कडं आहे. लोक त्याच्या आतल्या बाजूला राहतात. नायक लुई वू आपला वाढदिवस लांबवायला पृथ्वीवर एका शहरातून दुसऱ्या शहरात क्षणात उड्या मारत जातो. पहिल्या आवृत्तीत तो निघाला पूर्वेकडे. दिवस लांबवायचा तर पश्चिमेकडे जायला हवं! हे पुढच्या छपाईत सरळ झालं. कड्याचं प्रकरण मात्र जड गेलं. गणित मांडल्यावर दिसलं की असं कडं ताऱ्याभोवती आपोआप स्थिर राहत नाही. जरा सरकलं की सरकतच जाईल आणि ताऱ्याला धडकेल. १९७१च्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी त्या हॉटेलाच्या व्हरांड्यांतून ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ अशा घोषणा देत फिरले होते. निव्हेननं पुढचा भाग लिहिला आणि कड्याच्या काठावर त्याला जागच्या जागी ठेवणारी जेट इंजिनं बसवली. ती बहुतेक काढून नेली गेली होती, यावर ती कादंबरी उभी राहिली. वाचकांच्या घोषणेतून कादंबरी निघाल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

आणि हे सगळं प्रमाण कुणी मानायचं? चाहते ‘कॅनन’ म्हणतात, म्हणजे ग्रंथातलं अस्सल तेवढं. बाकीचं आपल्या जुन्या भाषेत प्रक्षिप्त, मागाहून घुसडलेलं. मला हा शब्द फार नेमका वाटतो, कारण २०१४ साली तो डोळ्यांसमोर घडला. ‘स्टार वॉर्स’च्या मालकांनी जाहीर केलं की चित्रपटांबाहेरच्या आजवरच्या कादंबऱ्या यापुढे दंतकथा समजाव्यात. कपाटंच्या कपाटं एका दिवसात प्रक्षिप्त! त्यात लग्नं होती, मुलंबाळं होती, सगळं पुसलं गेलं. हान सोलोचा केसाळ साथीदार च्युबाका १९९९च्या एका कादंबरीत कोसळत्या चंद्राखाली मेला होता, तो एका घोषणेनं उठून बसला. त्याचा मला आनंदच आहे. पण त्याच्यासाठी जे रडले होते, त्यांचं रडणं कुठल्या खात्यात घालायचं हे कुणी सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात भाची राहायला आली, तेव्हा पलंगावर ‘हॅरी पॉटर’चा चौथा भाग दोनदा उघडा पडला होता. एक माझी २००० सालची जुनी प्रत आणि एक तिची बरीच नंतरची. स्मशानातला प्रसंग. हॅरीची आणि दुष्ट जादूगार व्होल्डेमॉर्टची, अशा जादूच्या दोन छड्या एकमेकींना भिडतात आणि व्होल्डेमॉर्टच्या छडीतून त्यानं मारलेली माणसं, त्यांत हॅरीचे आईबाबाही, सावल्यांसारखी बाहेर येतात, शेवटचं आधी, अशा उलट्या क्रमानं. ती मोठ्यानं वाचत होती, मी माझ्या प्रतीवरून बोट फिरवत होते.

“थांब,” मी म्हटलं. “आई आधी?”

“हो. मग बाबा.”

“माझ्यात बाबा आधी आहेत.”

तिनं माझं पुस्तक ओढून घेतलं. मी समजावलं की त्या रात्री वडील आधी मारले गेले आणि आई नंतर, तेव्हा उलट्या क्रमात आईच आधी यायला हवी. सुरुवातीच्या छपाईत चूक राहिली होती, मागाहून दुरुस्त केली. हे निव्वळ बाहेरचं उत्तर होतं, पण इथे दुसरं काही देण्यासारखंच नव्हतं. मी ‘चीटिंग’ ऐकायच्या तयारीनं बसले.

ती काही बोलली नाही. पाय पोटाशी घेऊन माझ्या प्रतीतलं ते पान तिनं दोनदा वाचलं.

“चूक नाहीये ही,” शेवटी म्हणाली. “व्होल्डेमॉर्ट घरात आला तेव्हा बाबाच पुढे गेले होते ना, आईला ‘तू पळ’ म्हणून? मग इथेही तेच पुढे आले. तिला मागे ठेवून.”

मला क्षणभर काही सुचेना. मग म्हटलं, “अगं, पण मग सेड्रिक? तो म्हातारा माळी, ती बर्था? ते तिघं यांच्याही आधी बाहेर येतात.”

“ते पाहुणे ना, मावशी,” ती पान उलटत म्हणाली. “पाहुण्यांना आधी जाऊ देतात.”

मी चष्मा पुसला आणि माळ्याचं पान शोधायला लागले.