देवगडच्या सड्यावर 'लांडगा सफारी'ला जाण्याआधी हे वाचा

आधी निकाल सांगतो. विजयदुर्ग, गिर्ये, देवगड या पट्ट्यात कुणी रात्रीची 'लांडगा सफारी' विकत असेल तर घेऊ नका. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, मात्र जा. पहाटे जा, चिरेखाणी (जांभ्याचे चिरे कापून काढलेले खड्डे) दिसतील अशा उजेडात जा, आणि कोल्हा बघायला जा. एवढंच हवं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. मला मात्र सगळं लिहायचंय, कारण मांड्या अजून दुखताहेत आणि पैसे परत मिळालेले नाहीत.

मित्राने आमच्या ग्रुपचं बुकिंग परस्पर करून टाकलं होतं. व्हॉट्सॲपवरचं पोस्टर जोरदार होतं: निळं चांदणं, कड्यावर उभा जाड लोकरीचा लांडगा आणि खाली 'कोकणच्या कातळावर लांडगे परतले!'. चित्रातला प्राणी बर्फाच्या मुलखातला होता. आपल्याकडचा लांडगा असा झुबकेदार नसतोच. तो सडपातळ, लांब पायांचा, वाळलेल्या गवताच्या रंगाचा असतो. फोनवर विचारलं तेव्हा ठासून सांगितलं, "सर, फॉरेस्टने आणून सोडलेत. अमेरिकेत केलं ना तसंच." माणशी १,८०० रुपये. पोचल्यावर त्यात 'परवाना शुल्क' ३०० आणि टॉर्चचं भाडं १०० वाढलं. पावती? "उद्या सकाळी देतो." ती सकाळ अजून उगवायची आहे.

तुतारी एक्स्प्रेसने कणकवली, तिथून गाडी. वाटेत कुणकेश्वर, दुसऱ्या दिवशी विजयदुर्ग, दोन्ही मस्त. जेवण उत्तम. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आता सडा. मार्चचा पहिला आठवडा म्हणजे कातळ दुपारी तव्यासारखा. 'आधी ठसे दाखवतो' म्हणून आम्हाला तीन वाजता वर काढलं. सावली शून्य. निम्मं गवत जाळलेलं, उरलेल्या निम्म्याची कुसळं मोज्यांत. ठसे दाखवले ते जांभ्याच्या खळग्यात साठलेल्या चिखलात, आणि ते सरळसरळ गावच्या कुत्र्याचे होते, शेजारी गुराख्याच्या चपलेचा ठसा जोडीला. पाणी माणशी दोन लिटर घ्या, तीन घेतलंत तर जास्त बरं. वर विहीर नाही.

खरा राग रात्रीच्या टप्प्याचा आहे, आणि मागून जाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा. या सड्यांवर चिरेखाणी आहेत. चालू खाणी लांबून कळतात, तिथे यंत्राची घरघर असते, लाल धूळ असते, ट्रक असतात. सोडून दिलेल्या खाणी कळत नाहीत. सपाट कातळावर चालत असता पुढच्या पावलाला जमीनच नसते. कापलेली सरळ भिंत, कुठे पुरुषभर, कुठे दोन-तीन पुरुष खोल, तळाला तुटके चिरे नाहीतर हिरवं पाणी. कडेला कुंपण नाही, गडगा नाही, एखादा दगडसुद्धा उभा करून ठेवलेला नाही. काठावर करवंदीच्या जाळ्या वाढलेल्या, त्यामुळे टॉर्चच्या उजेडात ती कडा साध्या झुडपासारखी दिसते. आमचा 'गाइड' अशा दोन खाणींच्या मधल्या पट्टीवरून आम्हाला घेऊन गेला. ती बैलगाडीच्या रुंदीची असेल. आणि वर म्हणाला, टॉर्च बंद करा, लांडगा बुजेल. मी टॉर्च बंद केला नाही. मागून येणाऱ्या एका काकांचा पाय कडेच्या मुरुमात घसरला, बॅगेचा पट्टा धरून ओढलं म्हणून वाचले. दीड तास हे चाललं. परत येतानाही तीच वाट, कारण 'दुसरी लांब पडते'. दुसरी वाट मी सकाळी बघितली. वीस मिनिटं जास्त लागतात आणि ती मळलेली, सुरक्षित गाडीवाट आहे.

म्हणून सांगतो, अंधारात सडा नकोच. जायचंच असेल तर आदल्या दिवशी उजेडात वाट चालून बघा. मोबाइलच्या नकाशात उपग्रह चित्राचा थर चालू केला की खाणी चौकोनी लाल-काळ्या ठिगळांसारख्या स्वच्छ दिसतात. त्या टाळून वाट आखून घ्या आणि नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा, वर रेंज येते-जाते. जमीन बहुतेक खाजगी किंवा सामायिक आहे, तेव्हा ज्याच्या घराकडून वर चढाल त्याला विचारून चढा. 'फॉरेस्टचा परवाना' म्हणून कुणी रोख मागितली तर छापील पावती मागा आणि गंमत बघा.

तर लांडगा. एका जागी बसवून गाइडने पिशवीतून ब्लूटूथ स्पीकर काढला आणि लांडग्याची रेकॉर्ड केलेली आरोळी लावली. लांब, खोल, एकाच सुरात ताणलेली. दोन मिनिटांनी खाडीच्या बाजूने उत्तर आलं. सगळे शहारले. मलाही शहारा आला, खोटं का बोला, पण ती कोल्हेकुई होती. एक जण चढत्या सुरात हेल काढतो, दुसरा त्यात घुसतो आणि शेवटी सगळं कुटुंब केकाटतं. थोड्या वेळाने पन्नास पावलांवर डोळे चमकले, मग धड दिसलं: बुटका, टोकाला काळं असलेलं तोकडं शेपूट, वजन दहा किलोच्या आसपास. लांडगा साधारण त्याच्या दुप्पट भरतो आणि पायांवर उंच दिसतो. गाइड कुजबुजला, "पिल्लू आहे."

तो प्राणी आला कशाला, ते सकाळी कळलं. खडपावर कोंबडीची आतडी आणि पिसं टाकलेली होती. आमिष टाकणं हे वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत येतं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे, लांडग्याच्याच रांगेत. म्हणजे १,८०० रुपये देऊन आम्ही काय बघत बसलो होतो ते बघा. शिवाय त्या आतड्यांवर गावची कुत्रीही येतात. कुत्रा आणि कोल्हा एका पातेल्यात जेवले की रेबीज आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा विषाणूजन्य रोग) इकडून तिकडे जातात. मुंबईत चेंबूर परिसरात २०२४ मध्ये रेबीज झालेले कोल्हे सापडले होते.

उतरलो होतो त्या घरच्या काकींना सकाळी विचारलं. त्या घावन उलटता उलटता हसल्या. "लांडगो? अवो, आमच्या आजयेन पण लांडगो बघूक नाय. कोलो तो. माझो कोंबो व्हरता."

लांडगा हा घाटावरच्या उघड्या माळाचा प्राणी. सोलापूर, नगर, पुण्याचा पूर्व भाग, जिथे पाऊस कमी, गवत भरपूर, काळवीट-चिंकारा आहेत आणि मेंढपाळांचे वाडे आहेत. शिकार कमी झाली की तो मेंढरांवर जगतो, मेंढपाळ त्याला शिव्या देत देत ओळखून असतो. कोकणचा सडा वरून माळासारखा दिसतो म्हणून फसगत होते, पण इथे पावसाळ्यात नुसतं पाणी, आणि कळपाला पुरेल असं मोठं सावज सड्यावर नाही. एखादा भटका घाट उतरलाच तर ती बातमी होईल. त्याच्या नावाने दर शनिवारी तिकीट फाडता येत नाही.

आणि ते 'अमेरिकेत केलं तसं'. तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९२६ पर्यंत लांडगे मारून संपवले. १९७४ मध्ये तिकडे लांडगा संरक्षित यादीत आला, आणि पहिला लांडगा पार्कात पोचायला १९९५ उजाडलं. मधली वीस वर्षं आराखडे, सुनावण्या, गुरं पाळणाऱ्यांशी भांडणं. १९९५ आणि १९९६ मिळून कॅनडातून ३१ लांडगे आणले, अडीचेक महिने तिथल्याच रानात कुंपणात ठेवले, जागा अंगवळणी पडल्यावर दारं उघडली. गळ्यात रेडिओ कॉलर. खायला हजारोंनी एल्क हरणं. हे सगळं असून वाद आजही मिटलेला नाही. असला प्रकल्प सड्यावर गुपचूप होतो आणि त्याची खबर फक्त एका जीपवाल्याला असते? आपल्याकडे लांडग्याची अडचण वेगळीच आहे. तो अजून आहे, देशात तीन हजारांच्या आसपास, पण पायाखालचा माळ जातोय. 'पडीक जमीन' म्हणून त्यावर प्लॉट पडतात, खड्डे खणून झाडं लावली जातात. पुण्याजवळच्या लांडग्यांत कुत्र्याचं रक्त मिसळल्याचं जनुकीय तपासणीत निघालंय. आहे ती जागा आधी राखा, मग आणून सोडायच्या गप्पा.

लांडगाच बघायचा असेल तर पुणे वनविभागाची गवताळ सफारी आहे, इंदापूरला कडबनवाडी आणि बारामतीला शिर्सुफळ. बुकिंग ऑनलाइन, गाइड गावातलेच. दिसेलच याची हमी तिथे कुणी देत नाही, आणि म्हणूनच मला ते लोक बरे वाटतात.

आता चांगलं. परतायच्या दिवशी मी एकटाच पहाटे साडेपाचला त्या मळलेल्या वाटेने वर गेलो. उजाडलं तेव्हा कोल्ह्यांची जोडी खाडीकडून वर येताना दिसली, वाऱ्याच्या विरुद्ध बसलो होतो म्हणून बरीच जवळून. नर थांबला, एका उंचवट्यावर विष्ठा टाकली, ऐटीत पुढे गेला. ते गेल्यावर जाऊन बघितलं: बोरांच्या बिया, काजूच्या बोंडाचा चोथा, खेकड्याच्या कवचाचे तुकडे. सडा, बाग आणि खाजण (भरतीचं पाणी शिरणारी खाडीकाठची जमीन), तिन्हीकडचा हिशोब एका जागी. मला तेव्हा इतका आनंद झाला की आदल्या रात्रीचे पैसे वसूल वाटायला लागले. तो आनंद उतरल्यावर हे लिहितोय, म्हणून निकाल तोच राहील: पैसे देऊ नका.

खाजणाच्या बाजूने उतरणार असाल तर भरती बघा. तिथीची पाऊणपट हा इथला जुना हिशोब पुरतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. अष्टमीला भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही; अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा कांदळवनातली पायवाट गुडघाभर पाण्याखाली जाते. तिथला चिखल सँडल खातो, बंद बूट घाला. फ्लॅश नको, स्पीकर नको, आणि खायचं काही मागे टाकू नका. फेब्रुवारी ते मे वेळासला किंवा आंजर्ल्याला कासवांची पिल्लं बघायला जाणारे 'कोल्हा अंडी खातो' म्हणून त्याच्यावर दात धरून असतात. खातो, खरं आहे. म्हणून तर वेळासला २००२ पासून घरटी हलवून जाळीच्या आत ठेवतात. त्यासाठी कोल्हा मारावा लागत नाही.

ज्यांनी पुढच्या महिन्याचं बुकिंग आधीच केलंय त्यांनी रद्द करावं. ॲडव्हान्स परत देत नाहीत, पण दुसऱ्यांदा फोन केल्यावर आणि 'वनखात्याच्या परवान्याचा फोटो पाठवा' म्हटल्यावर एका ओळखीच्याला निम्मे आले. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, आमिष टाकल्याचं दिसलं तर तिथे कळवा, फोटो आणि जागा देऊन. मी कळवलंय.