रिव्हर्बचं ॲप विकत घेण्याआधी एक चुटकी वाजवून बघा

रिव्हर्ब म्हणजे आवाजाला खोली किंवा हॉलसारखा घुमारा देणारा इफेक्ट. त्याच्या ॲपचा डेमो ऐकून कुणीही भुलतं. सहा सेकंदांचा घुमारा आणि त्यात सावकाश विरत जाणारा पियानो, एवढ्यावर कुठलंही ॲप भारीच वाटतं. लांब शेपटीत, म्हणजे घुमाऱ्याच्या विरत जाणाऱ्या भागात, बरेच दोष झाकले जातात. म्हणून प्रीसेटच्या यादीतले 'हॉल' आणि 'कॅथीड्रल' बाजूला ठेवा आणि ॲपला छोटी खोली बनवायला लावा.

डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) 0.6 सेकंद, मिक्स (घुमाऱ्याचं प्रमाण) 100 टक्के, म्हणजे मूळ आवाज अजिबात नको. फोनचा माइक जवळ धरून एक चुटकी रेकॉर्ड करा. जाड पांघरुणाच्या आडोशाला केलीत तर खऱ्या खोलीचा आवाज फारसा मिसळणार नाही. आता ती ॲपमधून वाजवा आणि वायरच्या हेडफोनवर ऐका. फोनच्या स्पीकरवर यातलं काहीच कळत नाही.

सगळा निकाल पहिल्या पाव सेकंदात लागतो. चांगल्या रिव्हर्बमध्ये प्रतिध्वनी इतके दाट येतात की 'फस्स' असा एकसंध आवाज होतो. कच्च्या रिव्हर्बमध्ये 'टर्रर्र' असे सुटे दाणे ऐकू येतात, नाहीतर शेवटी पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा एकच सूर रेंगाळतो. मॅनफ्रेड श्रोडर यांनी 1962 मध्ये मांडलेली कोम (comb) आणि ऑलपास या, आवाज पुन्हा पुन्हा फिरवणाऱ्या फिल्टरांची रचना आजही अनेक अल्गोरिदमच्या मुळाशी आहे. त्यातल्या डिले-ओळी (आवाज क्षणभर अडवून मग सोडणाऱ्या) कमी असल्या किंवा त्यांच्या लांब्या एकमेकींच्या पटीत पडल्या, की प्रतिध्वनी ठरावीक फ्रीक्वेन्सींवरच साचतात. पत्र्याचा आवाज येतो तो इथून.

हा दोष झाकायला डिले किंचित हलते ठेवतात, म्हणजे मॉड्युलेशन. ते तपासायला पियानोचा एकच कॉर्ड धरून ठेवा. शेपटी डुगडुगत बेसूर होत असेल तर मॉड्युलेशनचा नॉब शोधा आणि शून्यावर आणा. तो नॉबच नसेल तर अशा ॲपवर गाणं एकवेळ चालून जाईल, पियानो नाही.

बाकी नॉबांचा फार बाऊ करायला नको. प्री-डिले (मूळ आवाज आणि घुमारा यांतलं अंतर) नसेल तर रिव्हर्बच्या आधी साधा डिले लावता येतो (20 मिलिसेकंद म्हणजे आवाजाचा जवळजवळ सात मीटरांचा प्रवास). लो-कट नसेल तर मागे ईक्यू (इक्वलायझर) लावून 200 हर्ट्झच्या खालचं कापा. पण मिक्स 100 टक्क्यांपर्यंत जात नसेल तर नाद सोडा. सेंडवर, म्हणजे ट्रॅकच्या आवाजाची प्रत वेगळ्या वाटेने रिव्हर्बकडे पाठवून, लावल्यावर मूळ आवाज दुसऱ्यांदा मिसळतो, आवाजाची पातळी बिघडते आणि वर थोडा उशीर असेल तर आवाज पोकळ होतो.

कन्व्होल्यूशनचं, म्हणजे खऱ्या जागेच्या घुमाऱ्याचं रेकॉर्डिंग (इम्पल्स) वापरणारं, ॲप असेल तर आणखी एक पाहा. 44.1 किलोहर्ट्झची इम्पल्स फाइल 48 च्या प्रोजेक्टमध्ये टाका. ॲपने तिचा सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने, तो आकडा) बदलून घेतला नाही, तर दोन सेकंदांची शेपटी 1.84 सेकंदांत संपते आणि जागेचा रंगही वर सरकतो.

ॲप चालतं कुठे, हा प्रश्न आवाजाइतकाच मोठा. आयफोन-आयपॅडवर ते एयूव्ही3 (AUv3) प्लगइन म्हणून, म्हणजे दुसऱ्या ॲपच्या आत, गॅरेजबँड किंवा एयूएम (AUM) अशा होस्ट ॲपमध्ये उघडलं पाहिजे. ही सोय आयओएस 9 पासून, म्हणजे 2015 पासून आहे. वर्णनात फक्त 'इंटर-ॲप ऑडिओ' (एका ॲपचा आवाज दुसऱ्यात पाठवायची जुनी पद्धत) लिहिलं असेल तर पैसे घालू नका, ॲपलने ती पद्धत आयओएस 13 मध्येच मोडीत काढायला घेतली. अँड्रॉइडवर अशी सर्वमान्य प्लगइनची सोय नाही, त्यामुळे बहुतेकदा फाइल उघडा, रिव्हर्ब लावा, सेव्ह करा, असंच काम चालतं. तिथे वेव्ह फाइल मिळते की फक्त एमपी3, ते आधी बघा. आणि मूळ फाइलच्या शेवटी पाच सेकंद शांतता जोडा, नाहीतर एक्स्पोर्टमध्ये शेपटी कचकन तुटते.

लेटन्सीची, म्हणजे आवाज उशिरा ऐकू येण्याची, धास्ती मात्र उगाच घेतली जाते. 48 किलोहर्ट्झवर 256 सॅम्पलचा बफर (ॲप एका वेळी हाताळतं तो आवाजाचा तुकडा) म्हणजे 5.3 मिलिसेकंद. मूळ आवाज थेट ऐकू येत असेल तर रिव्हर्बचा तेवढा उशीर प्री-डिलेत जमा होतो. ब्लूटूथ हेडफोनची गोष्ट वेगळी. त्यावर गाताना स्वतःचाच आवाज मागून येतो आणि दोष ॲपला दिला जातो.

शेवटी फुकटातल्या रिव्हर्बशी गाठ घालून द्या. होस्टमधला आयता रिव्हर्ब आणि नवा, दोन्ही पूर्ण गाण्यात 15 टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि मीटर पाहून दोघांची पातळी सारखी करा. एक-दोन डेसिबलने मोठा असलेला आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. मग डोळे मिटून दुसऱ्या कुणाला तरी अदलाबदल करायला सांगा. दहापैकी पाच-सहा वेळाच ओळखता आला, तर तो निव्वळ अंदाज झाला. पैसे राहू द्या.

आणि घेतलंच, तर प्रत्येक गाण्याचा रिव्हर्ब वेगळ्या वेव्ह ट्रॅकवर उतरवून ठेवा. सिस्टिमच्या एखाद्या अपडेटनंतर ॲप बंद पडलं, तर प्रोजेक्टमध्ये त्या जागी नुसता रिकामा स्लॉट उरतो.