दहाच महिने राहिले होते

"दहाच महिने राहिले होते गं, काढायचेस ना कसेतरी!" शेजारच्या काकू बोलून गेल्या आणि मावशीने हातातला चहा तसाच खाली ठेवला.

मावशी काल रात्री कुवेतहून आमच्याकडे ऐरोलीला आली. घरकामाचा दोन वर्षांचा करार, १४ महिन्यांत सोडून. तिकीट स्वतःच्या पैशाने, शेवटचा पगार बुडाला.

काकूंना ती काहीच बोलली नाही. पण सकाळी मी पाहिलं होतं, आंघोळीला जातानाही पासपोर्टची प्लॅस्टिकची पिशवी तिच्या हातात होती. तिथे पहिल्याच दिवशी मालकिणीने तो काढून घेतला होता. कुवेतच्या घरकामगारांसाठीच्या २०१५ च्या कायद्यात पासपोर्ट असा ठेवून घ्यायला मनाई आहे. पण हे तिला तिथे सांगणार कोण?

आणि इथे, सख्ख्या बहिणीच्या घरात, फ्रिजला हात लावण्याआधी ती विचारते, "उघडू का?"

आई नुसती बघत राहिली.

काकू मनाने वाईट नाहीत, माझ्या आजारपणात डबे त्यांनीच दिलेत. तरी दुपारपासून तेच वाक्य डोक्यात आहे. ते दहा महिने 'कसेतरी' म्हणजे नेमके कसे काढायचे होते तिने?